समीक्षक मंडळात माझं नाव छापलंय. अंकातल्या लेखांची जबाबदारी माझी किती?

वैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मी नागपुरातल्या एका अनुदानित कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. प्रश्न जरा लांबवून सांगते, तपशील कळल्याशिवाय तुम्ही सल्ला तरी काय देणार?

गेल्या हिवाळ्यात शहरातल्याच एका कॉलेजात एकदिवसीय राष्ट्रीय परिषद झाली. तिथल्या सरांचा फोन आला, "मॅडम, परिषदेचा विशेषांक काढतोय, समीक्षक मंडळात तुमचं नाव टाकू ना?" ओळखीचे सर, विषय माझा, म्हटलं टाका. पुढं लेख वाचायला येतील म्हणून वाट पाहिली. एकही आला नाही. आला तो थेट छापील अंक, कुरिअरने. शंभरावर लेख. मुखपृष्ठावर आयएसएसएन, 'पीअर रिव्ह्यूड अँड रेफरीड' (म्हणजे जाणकारांनी तपासलेला), तीन दशांश स्थळांपर्यंतचा इम्पॅक्ट फॅक्टर आणि आतल्या पानावर समीक्षकांच्या यादीत मी.

सुट्टीत चाळायला घेतला. गोंदिया जिल्ह्यातल्या विडी कामगार स्त्रियांवर एक लेख आहे. चांगला लिहिलाय, जरा जास्तच चांगला. दुसऱ्या पानावर वाक्य आलं, 'या स्त्रिया घरात प्रामुख्याने तेलुगू बोलतात.' माझं सासर तिरोड्याचं आहे. विड्या वळणाऱ्या बायका तिथं घराघरांत पाहिल्यात. त्या झाडीबोली बोलतात, पोवारी बोलतात, हिंदी बोलतात. तेलुगू कुठून आली? पुढं तक्ता ३ च्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'क्षेत्रीय पाहणी, अक्कलकोट रोड'. म्हणजे काम सोलापूरचं. शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, शोधलं तर मूळ प्रबंध सापडला. आख्खं प्रकरण उचललंय, सोलापूरच्या जागी गोंदिया घालून. तक्त्यातले आकडेसुद्धा तेच.

सहकारी मैत्रीण म्हणते, "सोड गं, ते अंक वाचतं कोण?" सरांना विचारावं तर संबंध बिघडणार, आणि उद्या माझ्या विद्यार्थ्याच्या मौखिकीला बाहेरचे परीक्षक म्हणून तेच येऊ शकतात. मी तो लेख छापण्याआधी पाहिलाच नव्हता, पण वाचणारा असंच समजणार की मॅडमनी पाहून पास केला. मग माझं काम नाव काढून घेण्यापुरतं आहे, की त्यापुढंही काही करायला हवं?

कावळा उवाच

"वाचतं कोण?" तुम्ही वाचलात. सगळा घोळ तिथंच झाला. कोपऱ्यात बसून घेतो, येऊ द्या.

झिरो माईलवाला

अरे बाप्पा! गोंद्याच्या बाया तेलगू बोलून राहिल्या अन् आमाले पत्ताच नाही! ताई, त्या लेखकाले फोन लावा अन् सरळ तेलगूतच सुरू व्हा. काय जवाब देते ते पाहू.

दाखल क्रमांक

मी ग्रंथपाल आहे, म्हणून मुखपृष्ठापासून सुरुवात करतो.

आयएसएसएन हा फक्त ओळखक्रमांक. आठ आकडी. आपल्याकडे तो दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान ग्रंथालयातून मिळतो, तोही फुकट. नियतकालिक चांगलं की वाईट याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण आपल्याकडे परिषदेच्या पत्रकावर तो दर्जाचा शिक्का असल्यासारखा मिरवतात.

इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे नियतकालिकातल्या लेखांचे सरासरी किती उल्लेख इतर लेखांत होतात तो आकडा. ज्याला खरोखर तसं म्हणतात तो क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये येतो. तिथं २०२३ पासून तो एकाच दशांश स्थळापर्यंत देतात. तेव्हा ताज्या अंकावर तीन स्थळं दिसली की आधी भुवई उंचावायची. मिळत्याजुळत्या नावाचे 'फॅक्टर' पैसे घेऊन देणाऱ्या कंपन्या ढीगभर आहेत.

आणि 'यूजीसीमान्य', म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं मान्य केलेलं, म्हणाल तर त्याचाही इतिहास मजेदार आहे. २०१७ मध्ये यूजीसीने मान्य नियतकालिकांची यादी काढली. मे २०१८ मध्ये त्यातली ४,३०५ एका झटक्यात वगळली. मग २०१९ मध्ये यूजीसीचीच 'केअर' नावाची नवी यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचं जाहीर झालं. आता निकष सुचवलेत आणि पारख करायचं काम विद्यापीठांवर, कॉलेजांवर सोपवलंय. थोडक्यात, आता 'यादीत होतं हो' म्हणून हात वर करायची सोय राहिली नाही. मॅडमचा प्रश्न म्हणूनच आत्ता महत्त्वाचा आहे.

तासिका

सगळं वाचलं. आता एक कडू बोलते.

मी सीएचबीवर आहे. तासाप्रमाणे पैसे, तेही महिनोन्‌महिने उशिरा, आणि दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत. मुलाखतीत पहिला प्रश्न, पेपर किती? काय लिहिलंय हे आजवर एकाही समितीनं विचारलेलं नाही. फाईल उघडतात, मोजतात, मिटतात. चांगल्या नियतकालिकाला पाठवलं तर वर्षभर उत्तर येत नाही. परिषदवाले पंधराशे रुपये घेतात, जेवण देतात, प्रमाणपत्र देतात, महिन्यात अंक देतात. मग माझ्यासारखी कुठं जाईल?

या धाग्यावर नीतिमत्तेच्या गोष्टी करणारे किती जण कायम नोकरीत आहेत ते आधी सांगा.

डॉ. खडूस

मी आहे कायम नोकरीत, आणि तरीही बोलणार.

तासिकाताई, पैसे देऊन लवकर छापून घेणं वेगळं आणि दुसरीचं प्रकरण उचलून गावाचं नाव बदलणं वेगळं. तुमची अडचण पहिल्या गोष्टीची आहे. दुसऱ्या गोष्टीला ती सबब म्हणून वापरू नका. ज्या बाईनं सोलापुरात दारोदार फिरून ते तक्ते भरले, ती कदाचित तुमच्यासारखीच सीएचबीवर असेल.

तासिका

मी चोरीची बाजू घेतली का कुठं? नीट वाचा. माझं म्हणणं एवढंच की असा अंक निघतो तो मोजणाऱ्यांमुळे, आणि मोजणाऱ्यांना कुणी काही विचारत नाही.

दाखल क्रमांक

+१ तासिका. २०१० च्या यूजीसी नियमांत एपीआयचे, म्हणजे नेमणूक-बढतीसाठी मोजायचे, गुण आले, तेव्हापासून ही दुकानं फोफावली, हे मी ग्रंथालयात बसून पाहिलंय. पीएचडीला प्रबंध सादर करण्याआधी लेख छापायची सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली, ते बरं केलं. पण सवय काही नियमाबरोबर जात नाही. अजून मुलं येऊन विचारतात, "सर, आयएसएसएनवालं स्वस्तात कुठं होईल?"

स्टेथो

डॉक्टर मंडळींची स्थिती वेगळी नाही. बढतीसाठी पेपर लागतात आणि मग विभागप्रमुखांचं नाव आपोआप चढतं. मी कनिष्ठ असताना एका लेखावर सहा नावं होती. त्यातल्या दोघांनी रुग्ण पाहिले नव्हते आणि एकानं लेख. त्यांनी मला फोनवर विचारलं होतं, "अरे, आपला तो पेपर कशावर आहे?"

वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं लेखकपणाच्या चार अटी घातल्यात. कामाची आखणी किंवा माहिती गोळा करण्या-तपासण्यात खरा वाटा. मसुदा लिहिण्यात किंवा त्यात भर घालण्यात वाटा. अंतिम मसुद्याला मंजुरी. आणि कामावर प्रश्न आला तर उत्तर द्यायची तयारी. चारही हव्यात. चौथी अट आमच्याकडे कुणालाच नको असते. श्रेयाला सहा जण, उत्तराला रेसिडेंट.

पैसे मिळवून दिले, मशीन वापरू दिलं, इंग्रजी सुधारून दिलं, अशांसाठी आभाराचा परिच्छेद असतो. पण साहेबांना आभारात टाकून पाहा एकदा.

कावळा उवाच

आभारात टाकलं होतं. पुढच्या वर्षी मलाच टाकलं, गडचिरोलीला.

स्टेथो

आणि "वाचतं कोण" याबद्दल. १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात वेकफील्ड आणि इतरांचा बारा मुलांवरचा लेख आला, एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लशीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा. लेख पूर्णपणे मागे घ्यायला २०१० उजाडलं. मधल्या काळात किती आईबापांनी मुलांना लस दिली नाही! आजही व्हॉट्सॅपवर त्याचा पाठ फिरतो. विडी कामगारांवरच्या लेखानं कुणी मरणार नाही हे खरं. पण उद्या त्यांच्या कल्याण योजनेचा अहवाल लिहिताना एखादा अधिकारी गुगलवर हाच लेख शोधून काढेल आणि गोंदियात तेलुगूतून पत्रकं वाटायची शिफारस करेल. हसू नका, होऊ शकतं.

झिरो माईलवाला

डॉक्टरसाहेब, हसलो नाही बावा. आपल्या इकडं तर तसं पत्रक छापूनबी येईन.

पानजुळणी

बरीच वर्षं हा फोरम नुसता वाचतो, आज लिहितो. माझं बर्डीवर डीटीपीचं दुकान आहे. असे विशेषांक माझ्याकडं जुळणीला येतात. नावं नाही सांगणार, गिऱ्हाईक आहे. पण काम कसं होतं ते सांगतो.

लेख येतात पेन ड्राइव्हवर, मेलवर, आता तर व्हॉट्सॅपवर फोटो. कुणाचा युनिकोडमध्ये, कुणाचा कृतिदेवमध्ये, कुणाचा श्रीलिपीत. परिषदेच्या आधी आठवडाभर रात्रंदिवस काम चालतं. लेख कुणी वाचतं का? मी वाचतो. कारण शब्द तुटला की ओळ सरकते. तेवढंच वाचन होतं त्या अंकाचं. एकदा दोन लेखकांचे दोन लेख शब्दन्‌शब्द सारखे निघाले, एकाच अंकात. मी फोन करून विचारलं, कोणता ठेवू? उत्तर आलं, "दोघांचे पैसे जमा आहेत ना? मग मधे चाळीस पानं सोडा."

आता तुम्हाला माहीत नसेल ते. काही जण लेख युनिकोडमधला आणतात आणि म्हणतात कृतिदेवमध्ये करून द्या. मला आधी समजेना, उलटं कशाला? मग एकानं सांगितलं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण फाईलच्या आत संगणकाला दिसतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यात जुळणारं काहीच सापडत नाही. अहवाल येतो शून्य टक्के. तोच लेख युनिकोड करून टाका, मग बघा.

मी करून द्यायचं बंद केलंय. शेजारचा करतो.

दाखल क्रमांक

पानजुळणी, तुमचा प्रतिसाद चौकटीत लावण्यासारखा आहे. मराठीत 'शून्य टक्के' आणि 'दोन टक्के' असे अहवाल येतात ते पाहून मला शंका यायचीच. तरी आम्ही प्रमाणपत्रावर सही करतो, कारण आमच्याकडे मागतात तो आकडा.

यापुढं माझ्या टेबलावर युनिकोड फाईलच घेणार. आजच सूचना लावतो.

डॉ. खडूस

आकड्याचंही एक आहे. २०१८ च्या यूजीसी नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. लोकांनी त्याचा अर्थ घेतला की दहा टक्के चोरी माफ! अवतरणचिन्हांत, संदर्भ देऊन घेतलेला मजकूर आधीच मोजणीतून वगळलेला असतो. आणि दुसऱ्याची कल्पना, दुसऱ्याचे आकडे आपल्या शब्दांत लिहिले तर सॉफ्टवेअर शून्य दाखवेल, तरी चोरी ती चोरीच.

जुना अंक

वयानं तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा असेन. एका मराठी त्रैमासिकाचं संपादन बरीच वर्षं केलं. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, समीक्षणाबद्दल. लेखकाचं नाव झाकून दोन जाणकारांकडे लेख पाठवायचा, हे आम्ही करत असू. मराठीत त्याची गंमत अशी की विषय छोटा, लिहिणारे मोजके, जाणकार दुसऱ्या परिच्छेदात ओळखायचे, "हा अमक्याचा दिसतो." मग मी एकच विचारत असे, त्यांच्याशी तुमचं भांडण किंवा नातं आहे का? असेल तर लेख परत पाठवा. एका गृहस्थांनी "आहे, पण मी निष्पक्ष राहीन" असं कळवलं आणि पाच पानी शिव्या लिहून पाठवल्या. त्या शिव्यांतले तीन मुद्दे मात्र बिनतोड होते. मी ते तीन गाळून घेऊन लेखकाला कळवले. संपादकाचं काम म्हणजे हे असलं असतं. मंडळात मोठी नावं छापणं ही शोभा झाली.

दुसरी, पैशाबद्दल. आम्हीही लेखकांना वर्गणीदार व्हा म्हणत असू. कागद, छपाई, टपाल, सगळं कुठून आणायचं? तेवढ्यावरून आम्हाला त्या दुकानांच्या रांगेत बसवू नका.

तासिका

काका, राग मानू नका, पण फरक काय? त्यांनी पंधराशे घेतले, तुम्ही वर्गणी घेतली.

जुना अंक

राग कसला. फरक क्रमाचा आहे. आधी निर्णय, मग वर्गणीचं पत्र. आणि ज्यांनी वर्गणी भरली नाही त्यांचेही लेख छापले आहेत. न छापलेल्या लेखकांचीही वर्गणी येत असे, आणि सोबत रागाचं पत्रही.

सर्किट बोर्ड

काका बरोबर बोलले. प्लॉस वनसारखं नियतकालिकही लेखकाकडून पैसे घेतं, चांगले घसघशीत. पैसे घेतले म्हणून कुणी लुटारू होत नाही. पैसे आले की लेख पास, असं असेल तर मात्र दुकान. २०१३ मध्ये सायन्स साप्ताहिकाच्या जॉन बोहॅननने एक बनावट शोधनिबंध मुद्दाम ढोबळ चुका घालून ३०४ नियतकालिकांना पाठवला होता. त्यातल्या १५७ नी तो स्वीकारला. आणि ती सगळीच गल्लीबोळातली नव्हती, मोठ्या प्रकाशनसंस्थांची नावंही त्यात निघाली.

आपल्या शेजारचं उदाहरण हवं तर हैदराबादच्या ओमिक्सचं घ्या. तिच्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दावा लावला आणि २०१९ मध्ये कोर्टानं पाच कोटी डॉलरच्या वर भरायचा आदेश दिला. त्यातला एक मुद्दा आपल्या धाग्याशी थेट जुळतो: संपादक मंडळात अशा लोकांची नावं, ज्यांनी होकार दिला नव्हता किंवा ज्यांच्याकडे कधी काही वाचायला आलंच नाही.

वैनगंगाकाठ

सर्किट बोर्ड, शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला.

कावळा उवाच

अवांतर: मला आजच 'आदरणीय थोर प्राध्यापक' अशी मेल आली. स्त्रीरोगशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकाचं संपादकपद. मी वाणिज्य शाखेत कॉस्टिंग शिकवतो.

झिरो माईलवाला

घेऊन टाक बे. डिलिव्हरीचा खर्च काढशीन.

स्टेथो

😂 झिरो माईल, हा प्रतिसाद आमच्या विभागात वाचून दाखवणार आहे.

सर्किट बोर्ड

परत समीक्षकाच्या जबाबदारीकडे येतो, कारण मी वर्षात बरेच लेख तपासतो आणि हल्ली दोन गोष्टी फार दिसतात.

एक, संदर्भांची वसुली. माझ्याच लेखावर शेरा आला, 'पुढील लेखांचा उल्लेख करावा', आणि खाली यादी, सगळ्यांत एकच नाव समान. लेख वायरलेस सेन्सरवर, यादीतले निम्मे लेख प्रतिमा-प्रक्रियेवर. मी संपादकांना लिहिलं की यातला एकही गैरलागू लेख टाकणार नाही. उत्तर आलं नाही, लेख मात्र स्वीकारला गेला. घाबरू नका, लिहा.

दोन, एआय. तपासायला आलेला लेख लोक सरळ चॅटजीपीटीत टाकून 'समीक्षण लिही' म्हणतात. अरे, तो लेख अजून छापलेला नाही, लेखकानं विश्वासानं दिलाय, तो असा बाहेर टाकायचा तुम्हाला हक्क नाही. बहुतेक मोठ्या प्रकाशकांनी याला स्पष्ट बंदी घातली आहे. लेखकांसाठी वेगळा नियम आहे: वापर केला तर सांगायचं, पण एआयला लेखक म्हणून टाकायचं नाही. प्रकाशन-नीतीचं काम पाहणाऱ्या कोप या संस्थेनं २०२३ मध्येच म्हटलंय की जबाबदारी घेऊ शकत नाही त्याला लेखक म्हणता येणार नाही.

आणि समीक्षण झोपलं की काय होतं, तर २०२४ च्या फेब्रुवारीत फ्रंटियर्स या प्रकाशनसंस्थेच्या एका नियतकालिकात एआयनं काढलेलं उंदराचं चित्र छापून आलं होतं. शरीररचना अशी की इथं वर्णन करता येणार नाही, आणि नामनिर्देशात निरर्थक शब्द. दोन समीक्षक, एक संपादक, सगळ्यांच्या डोळ्यांखालून गेलं. तीन दिवसांत मागे घ्यावं लागलं.

डॉ. खडूस

हिंदवी या प्रकाशनसंस्थेचं विसरलात. विशेषांकांच्याच वाटेनं बनावट लेख शिरले. २०२३ मध्ये त्यांना आठ हजारांवर लेख मागे घ्यावे लागले आणि मालक वायलीनं ते नावच बंद करायचं ठरवलं. विशेषांक, पाहुणे संपादक, घाई. आपल्या परिषदांचीच गोष्ट, फक्त डॉलरमध्ये.

वैनगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. काल सरांना फोन न करता मेल लिहिली. तीनच गोष्टी: माझ्याकडे एकही लेख समीक्षणाला आला नव्हता, अमुक लेखातला मजकूर अमुक प्रबंधातला आहे, सोबत दोन्हींची पानं समोरासमोर ठेवून जोडली, माझं नाव यादीतून काढावं आणि लेखाबद्दल काय करणार ते कळवावं.

दोन तासांत उत्तर. "मॅडम, तुमचं नाव काढलं, लेखाची पीडीएफही वेबसाईटवरून डिलीट केली. आता विषय संपवावा ही विनंती."

मी पाहिलं. पीडीएफ खरंच नाही. अनुक्रमणिकेत त्या जागी पुढचा लेख सरकवलाय. संपला का विषय?

स्टेथो

चला, निदान काढला तरी. बऱ्याच ठिकाणी उत्तरही येत नाही.

दाखल क्रमांक

स्टेथो, असहमत. डिलीट करणं हे मागे घेणं नव्हे, लपवणं आहे. नीट पद्धत अशी: लेख जागेवर राहतो, त्यावर 'मागे घेतला' असा ठळक शिक्का बसतो आणि कुणी, का, कधी मागे घेतला याची टीप सगळ्यांना फुकट वाचता येते. कोपच्या संकेतस्थळावर संपादकांसाठी पायरी-पायरीचे तक्ते आहेत, छापून झाल्यावर चोरी कळली तर काय करायचं याचाही. आधी लेखकाला विचारायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं, मग त्याच्या संस्थेला कळवायचं. मूळ संशोधिकेला तर कळवायलाच हवं.

गुपचूप डिलीट केल्यानं काय होतं बघा. छापील अंक वाचनालयांत आहेतच. लेखकाच्या कॅसच्या (बढतीच्या) फाईलमध्ये त्याची प्रत आहे, गुणही मिळतील. उद्या तोच लेख तो दुसरीकडे छापेल आणि कुणी बोट ठेवलं तर म्हणेल, "कुठं आहे आधीचा? दाखवा."

डॉ. खडूस

तक्रारीचा रस्ता नियमांत आहे. २०१८ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विभागाची एक आणि संस्थेची एक अशा दोन समित्या असायला हव्यात. तक्रार लेखकाच्या कॉलेजकडे जाते, तुमच्या नाही. विभागाच्या समितीनं ४५ दिवसांत शिफारस द्यायची. साम्य ६० टक्क्यांच्या वर निघालं तर लेख मागे, सलग दोन वेतनवाढी बंद आणि तीन वर्षं नवीन विद्यार्थ्याला मार्गदर्शन नाही. ४० ते ६० असेल तर एक वेतनवाढ आणि दोन वर्षं.

तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: समीक्षक म्हणून नाव देणं म्हणजे 'हे मी पाहिलं' असं वाचकाला सांगणं. पाहिलं नसेल तर तेही वाचकाला सांगायला हवं, फक्त सरांना नाही. नुसतं नाव गायब झालं तर वाचकाला काय कळणार? पुढच्या अंकात खुलासा छापा म्हणून लिहा.

जुना अंक

खडूस, थोडं सबुरीनं घ्या. त्यांना याच शहरात नोकरी करायची आहे. माझ्या मते सगळ्यात आधी मूळ संशोधिकेला पत्र जावं. काम तिचं आहे. तक्रार करायची की नाही, कुठं करायची, हे ठरवायचा पहिला हक्क तिचा. तुम्ही पुराव्याची पानं तिच्या हाती द्या आणि साक्षीला उभं राहायची तयारी ठेवा. तेवढं केलंत तरी पुष्कळ.

डॉ. खडूस

काका, आधी तिला कळवायचं हे मान्य. पण तिनं 'नको' म्हटलं तर? ती घाबरली तर? वाचकांची फसवणूक तर चालूच राहते ना. ती तिच्या एकटीची बाब उरत नाही.

जुना अंक

हे मात्र खरं. याला माझ्याकडे चोख उत्तर नाही.

वैनगंगाकाठ

प्रबंधात त्यांचा जुना ईमेल होता, तो परत आला. त्यांच्या विद्यापीठात कुणी ओळखीचं आहे का ते शोधलं, नंबर मिळाला, आज बोलले. काका, तुमचा सल्ला बरोबर, डॉ. खडूस, तुमची शंकाही. त्या आता शिकवत नाहीत, सोलापुरातच एका बँकेत आहेत. आधी म्हणाल्या, "जाऊ द्या हो." मग म्हणाल्या, "तक्ता तीन घेतलाय का? त्यात एक बेरीज चुकलेली आहे. प्रबंध जमा झाल्यावर माझ्या लक्षात आलं होतं." अंक काढून पाहिला. चूकही तशीच आलीय, गोंदियात.

तक्रार त्या करणार आहेत. मी सोबत पत्र देतेय. खुलाशाचंही लिहिलंय सरांना, अजून उत्तर नाही.

झिरो माईलवाला

बेरीजबी चोरली! हाव रे बाप्पा, एवढा तरी अभ्यास कराचा ना मानसानं.

पानजुळणी

ताई, खुलासा छापायला आला तर जुळणी माझ्याकडून फुकट. युनिकोडमध्ये.

तासिका

आता मला एक विचारायचंय. धाग्याच्या सुरुवातीलाच ओळखलं होतं, पण बोलले नाही. याच अंकात माझाही लेख आहे. माझा स्वतःचा. काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागांतल्या शेतमजूर बायकांवर, मी स्वतः जाऊन केलेला. तक्रार झाली, अंकाचं नाव खराब झालं, तर माझ्या लेखाचं काय? जूनमध्ये मुलाखत आहे.

दाखल क्रमांक

मागे घेतला जातो तो एकेक लेख, आख्खा अंक नाही, निदान पद्धतीनं झालं तर. तुमच्या मुलाखतींच्या वह्या, भरलेल्या प्रश्नावल्या, फोटो, सगळं जपून ठेवा. कुणी विचारलंच तर ते तुमच्याकडे आहे आणि त्यांच्याकडे नाही. पण समिती अंकाचं नाव पाहूनच फाईल बाजूला ठेवेल का, तर ठेवू शकते. खोटं आश्वासन देत नाही.

तासिका

म्हणजे चोरी त्यानं करायची आणि गुण माझे जायचे.

डॉ. खडूस

दुर्दैवानं हो, काही प्रमाणात. अंकाची खरी समीक्षा झाली असती तर ती तुमच्याच उपयोगी पडली असती.

वैनगंगाकाठ

तासिका, तुमचा लेख कोणत्या पानावर आहे? मी नीट वाचते आणि शेरे लिहून पाठवते, नावासकट. वाढवून दुसरीकडे द्यायचा ठरवलात तर उपयोगी पडेल. तिथं हे आधी या अंकात आलंय असं मात्र कळवा.

तासिका

पान २१२. शीर्षकात 'शेतमजूर'चं 'शेजमजूर' झालंय, तेवढं सोडून वाचा.

पानजुळणी

ते माझ्या दुकानातलं नाही. शेजारचा.